काच, पडदा आणि आजी

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात. दुसरं म्हणजे, सकाळी साडेसहाला बादली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या हॉस्टेलच्या जनतेपुढे शॉवरच्या काचेवर लेख लिहिणं हा जरा अन्यायच आहे. पण प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी बाथरूमचं काम निघतं, आणि मग सगळे म्हणतात, "तिला विचारा, ती इंजिनिअर होतेय ना!" माझ्यावर ही वेळ दिवाळीच्या सुट्टीत आली.

झालं असं, की आमच्या सोलापूरच्या घरी आजी बाथरूममध्ये घसरली. मनगटाच्या प्लॅस्टरवर निभावलं, हे नशीब. आमचं बाथरूम पाच फूट बाय आठ फूट. एका टोकाला शॉवर आणि नळ, दुसऱ्या टोकाला दार, मध्ये कमोड आणि बेसिन. कोणीही आंघोळ केली की सगळी फरशी ओली. आजी पडली ती आंघोळ करताना नाही, तर बेसिनवर दात घासायला गेली तेव्हा! म्हणजे प्रश्न शोभेचा नव्हताच. ओली जागा आणि कोरडी जागा वेगळी करायची होती. बाबांनी मात्र एका हॉटेलात काचेची केबिन पाहिली होती आणि त्यांच्या डोक्यात तीच बसली होती.

पहिला पर्याय पडद्याचा. स्वस्त, खराब झाला की बदलता येतो. पण शॉवर चालू केला की तो आत ओढला जाऊन अंगाला चिकटतो. हसू नका, या प्रश्नावर संशोधन झालंय! मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेव्हिड श्मिट यांनी कॉम्प्युटरवर मॉडेल करून दाखवलं, की फवाऱ्यामुळे हवेचा आडवा भोवरा तयार होतो, त्याच्या मध्यभागी दाब कमी असतो आणि पडदा तिकडे खेचला जातो. त्यांना २००१ सालचं इग नोबेल मिळालं. आमच्या दृष्टीने पडद्याचा खरा दोष वेगळाच होता. तोल गेला की आजी हाताला लागेल ते पकडणार, आणि पडदा तिच्यासकट खाली येणार.

दुसरा पर्याय ॲक्रिलिकचा. वजनाला हलकं, पण चरे लवकर पडतात. राहिली काच.

दुकानदार म्हणाला, "पाच एमएमची साधी काच लावू, वरून फिल्म मारू, निम्म्यात काम होईल." इथे मटेरिअल सायन्सचा तो कंटाळवाणा पेपर एकदाचा कामाला आला. साधी काच फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होतात. टफन्ड काच सुमारे सव्वासहाशे अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, आणि फुटलीच तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. तिचा कमकुवत भाग म्हणजे कडा आणि कोपरे. टफन केल्यावर ती कापता किंवा भोकं पाडता येत नाही, म्हणून मापं आधीच पक्की हवीत. कोपऱ्यात कायमचा शिक्का आणि आय.एस. २५५३ हे मानक आहे का ते बघून घ्या. आणखी एक गंमत. पोलराइज्ड गॉगल घालून आकाशाच्या उजेडात अशी काच पाहिली, की बहुतेक वेळा तिच्यावर ठिपके किंवा पट्टे दिसतात. मी दुकानात गॉगल घालून उभी होते, बाबा लाजून बाहेर गेले!

आता वजन. दोन मीटर उंच, पाऊण मीटर रुंद, आठ मिलिमीटर जाड काच म्हणजे ०.०१२ घनमीटर. घनता २५००. म्हणजे तीस किलो! एवढं वजनाचं दार बिजागरीवर टांगायचं तर भिंत भक्कम हवी. त्यातून दार आतच उघडणारं असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडतं. हे ऐकल्यावर बाबा गप्प झाले.

शेवटी ठरलं ते असं. दार नकोच. आठ एमएमची एकच स्थिर काच, भिंतीत चॅनेल आणि वरून आधाराची दांडी. बाजूला अडीच फूट मोकळी वाट. शॉवरचं तोंड वाटेकडे नाही, भिंतीकडे. आजी बादली-तांब्याने आंघोळ करते आणि ते पाणी काचेने अडत नाही, ते फरशीच्या उतारानेच जातं. म्हणून नहाणी ट्रॅपकडे मीटरला दीड सेंटीमीटर उतार काढून घेतला. उंबरा मुद्दाम ठेवला नाही, पाय अडखळतो. खरबरीत टाइल्स बसवल्या आणि आजीसाठी स्टीलची दांडी भिंतीत पक्की केली. काचेवर कधीही नाही.

सगळं झाल्यावर आईने एकच प्रश्न विचारला, "आणि ही रोज पुसणार कोण?" याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आमचं पाणी बोअरचं, क्षारांचे पांढरे डाग पडणारच. आता वायपर लटकवलाय, आंघोळ झाली की ज्याने त्याने काच पुसायची.

आजीला काचेचं काही कौतुक नाही. तिला दांडी आवडली. "ही आधी लावली असती तर!" एवढंच म्हणाली. खरंय. दांडीला काचेच्या मानाने अगदीच किरकोळ पैसे लागले, पण ती पडेपर्यंत आमच्यापैकी कोणालाच सुचली नाही.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात, की बाथरूममध्ये आधी फरशी कुठे ओली राहते ते बघा, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कशाला धरून उठतं ते बघा. काचेचं दुकान त्यानंतर.