पुढे किती, मागे किती?

पेट्रोल पंपावर मोटार हवा भरायला उभी राहिली, की हवा भरणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पुढे किती, मागे किती?" बहुतेक वेळा उत्तर येते, "टाका तीस-तीस." साध्या मोटारीचे काम एवढ्यावर भागूनही जाते. पण मित्रांनो, मोटार जोरदार एंजिनाची आणि वेगाने वळणे घेणारी असली, तर या प्रश्नाचे उत्तर नीट विचार करूनच द्यावे लागते. ते चुकले तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. असे का, ते आपण पाहू या.

चार पोस्टकार्डांवर उभी मोटार

मोटारीचे वजन कोण पेलते? रबर, असे तुम्ही म्हणाल. खरे तर बहुतेक सगळे वजन टायरमधली दाबलेली हवा पेलते. एक मोटार १२०० किलोग्रॅम वजनाची आहे असे समजा. प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅम भार आला. टायरमध्ये 'तीस हवा' आहे, म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड दाब आहे. आपल्या मापात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम होतो. आता ३०० ला २.१ ने भागा. उत्तर येते सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण एवढाच असतो. टपालाचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे टेकलेला भाग त्याहून जेमतेम मोठा! टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण कल्पना यायला पुरेसा आहे. वेग घेणे, ब्रेक लावणे, वळणे ही सारी कामे मोटार या चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर करते.

मग हवा कमी केली तर टेकणारा भाग वाढेल आणि पकडही वाढेल, नाही का? वाळूतून किंवा चिखलातून जाताना चालक मुद्दाम हवा कमी करतात ते याचसाठी. पण पक्क्या रस्त्यावर वेगाने जाताना हीच युक्ती घातक ठरते. हवा कमी झाली, की टायरच्या भिंती जास्त वाकतात, भार दोन्ही कडांवर जातो आणि मधला भाग नीट टेकत नाही. शिवाय रबर वाकवायला जी ऊर्जा लागते, ती सगळी रबर परत देत नाही. तिचा काही भाग उष्णता बनून टायरमध्येच राहतो. मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने जात असेल आणि टायरचा परीघ २ मीटर असेल, तर टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सोळा-सतरा वेळा वाकतो आणि सरळ होतो. वेग फारच वाढला, तर वाकलेला भाग सरळ व्हायच्या आतच पुन्हा रस्त्याला येऊन टेकतो. मग टायरच्या पृष्ठभागावर लाटा उठलेल्या दिसतात, टायर झपाट्याने तापतो आणि फुटतो. आपल्या समृद्धी महामार्गासारख्या लांबलचक काँक्रीटच्या रस्त्यावर निघण्यापूर्वी टायर तपासून घ्यावेत असे सांगतात, त्यामागचे एक कारण हेच.

हवा गरजेपेक्षा जास्त भरली तर? टायर मध्ये फुगतो, टेकणारा भाग लहान होतो, चाक खड्ड्यांवरून उड्या मारते आणि ब्रेक लावल्यावर मोटार थांबायला अधिक अंतर लागते.

वळणावरची ओढाताण

आता 'पुढे किती, मागे किती' या प्रश्नाचे मर्म पाहू. मोटार वळण घेते तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग थोडा पिळला जातो. त्यामुळे चाकाचे तोंड ज्या दिशेला असते, त्याच दिशेने चाक जात नाही. ते किंचित बाहेर सरकत जाते. या दोन दिशांमधल्या कोनाला आपण 'सरकण्याचा कोन' म्हणू. टायरवर भार जास्त आणि हवा कमी असेल, तर साधारणपणे हा कोन वाढतो.

पुढच्या चाकांचा कोन मोठा असेल, तर मोटार वळणात थोडी बाहेर जाऊ पाहते. चालक आपोआप वेग कमी करतो आणि मोटार सावरते. पण मागच्या चाकांचा कोन मोठा झाला, तर मोटारीची पाठ बाहेर फेकली जाते आणि ती गर्रकन फिरू शकते. नवख्या चालकाला हे सावरता येत नाही.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेची 'शेव्हरोले कॉर्व्हेअर' ही मोटार. १९६० सालचे मॉडेल म्हणून ती बाजारात आली. तिचे एंजिन मागे होते, त्यामुळे साठ टक्क्यांहून अधिक भार मागच्या चाकांवर पडे. शिवाय मागच्या आसांची रचना अशी होती, की जोराच्या वळणात मागची चाके तिरपी होत. यावर कंपनीने एक उपाय सांगितला होता. टायर थंड असताना पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा भरावी! पुढचे टायर मऊ ठेवले, की त्यांचा सरकण्याचा कोन वाढतो आणि मोटारीची पाठ ताब्यात राहते. शास्त्राच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता. पण इतर मोटारींत दोन्हीकडे जवळपास सारखीच हवा भरण्याची सवय असलेल्या लोकांच्या हे लक्षात कसे राहणार? पुढे हवा वाढवली, की सगळा तोल बिघडे.

अपघातांवरून कंपनीवर खटले झाले. राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पहिलेच प्रकरण या मोटारीवर होते. कंपनीने १९६४ च्या मॉडेलपासून मागच्या रचनेत सुधारणा केली आणि १९६५ च्या मॉडेलसाठी ती नव्यानेच आखली. पुढे १९७२ साली अमेरिकी सरकारच्या अहवालाने ही मोटार त्या काळच्या तशाच इतर मोटारींपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. दोष कुणाचा, हा वाद आजही रंगतो. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. पुढच्या-मागच्या दाबातला फरक हा मोटारीच्या रचनेचाच भाग असतो. तो आपल्या मनाने बदलायचा नसतो. पोर्शे ९११ या प्रसिद्ध वेगवान मोटारीचे एंजिनही मागेच असते. आज तिचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, ते याच कारणाने.

थंड टायर, गरम टायर

दाब थंड टायरचाच का मोजायचा? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आकारमान तेवढेच राहिले, तर वायूचा दाब त्याच्या केवल तापमानाच्या प्रमाणात वाढतो. एक हिशेब करू. दाबमापक ३० दाखवतो तेव्हा बाहेरच्या वातावरणाचा सुमारे १५ पौंड दाब त्याने धरलेला नसतो. म्हणून खरा दाब ४५. सकाळी टायर २७ अंश सेल्सिअसवर, म्हणजे ३०० केल्विनवर आहे. धावून तो ६७ अंशांवर, म्हणजे ३४० केल्विनवर गेला. मग दाब ४५ × ३४० ÷ ३०० = ५१ झाला. त्यातून १५ वजा केले, की मापकावर ३६ दिसतील.

हे पाहून कुणी घाबरून सहा पौंड हवा सोडून दिली, तर? टायर पुन्हा थंड झाल्यावर जेमतेम २५ उरतील! म्हणून मोटार काही तास उभी असताना, किंवा अगदी थोडे अंतर चालल्यावरच, हवा तपासावी.

शर्यतीत मात्र हिशेब उलट्या बाजूने करतात. तापलेल्या टायरमध्ये किती दाब हवा, हे आधी ठरवतात आणि त्यावरून सुरुवातीचा दाब काढतात. मोटार फेऱ्या मारून आली, की टायरचे तापमान आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजतात. मध्य अधिक तापला असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा अधिक तापल्या असतील तर हवा कमी आहे. टायरच जणू आपले दुखणे सांगतो! शर्यतीत बहुधा नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरतात. कारण हवेत ओल असली तर तापल्यावर दाबाचा अंदाज चुकतो.

पकडीच्या लोभाने दाब फार उतरवला तर काय होते? ३० जून २०१३ रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतीत एकामागून एक मोटारींचे टायर फुटले. टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने जी कारणे दिली, त्यांत कमी दाब हे एक होते. मागचे डावे-उजवे टायर अदलाबदल करून बसवणे, चाकांचा जास्त कल आणि मार्गाच्या उंच कडा ही इतर कारणे होती.

पाण्यावर तरंगणारे चाक

रस्त्यावर पाणी साचले असेल, तर वेगाने जाणारे चाक पाण्यावर चढते आणि रस्ता सोडते. अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून १९६३ साली याचे एक सोपे सूत्र मांडले. पौंडांतल्या दाबाचे वर्गमूळ काढून त्याला १०.३५ ने गुणावे, की हा वेग ताशी मैलांत मिळतो. ३० पौंडांना तो ५७ मैल, म्हणजे ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो. २० पौंडांना तो ४६ मैल, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर येतो. मोटारीच्या टायरची नक्षी झिजलेली असेल, तर याहून कमी वेगातही चाक तरंगू शकते.

योग्य आकडा कुठे मिळेल?

चालकाच्या दारापाशी चौकटीवर, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मोटारीच्या माहितीपुस्तिकेत तो दिलेला असतो. पूर्ण भार असताना किंवा फार वेगाने जाताना किती दाब हवा, हेही बऱ्याचदा तिथेच असते. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, भरायच्या हवेचा नव्हे.

करून पाहा

सायकलच्या मागच्या चाकाखाली आलेख कागद ठेवा. टायरला ओल्या खडूचा लेप लावा. मित्राला सायकलवर बसवा, पण दोघांनी तिला धरून ठेवा. सायकल पुढे न ढकलता सरळ उचलून कागद काढा आणि ठशातले चौरस मोजा. मग थोडी हवा सोडून हाच प्रयोग पुन्हा करा. ठसा किती वाढला? मागच्या चाकावरचा भार वजनकाट्यावर मोजता आला, तर त्याला ठशाच्या क्षेत्रफळाने भागा. मापकाशिवाय टायरमधला दाब तुम्हाला अंदाजाने सांगता येईल. आणि हो, प्रयोग संपल्यावर सायकलमध्ये हवा भरायला विसरू नका!