भूमिगत विद्युत् केबलींचा शोध व ओळख

सावंतवाडी तालुक्यातील आंबोली हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले असून तेथील पाऊस सर्वश्रुत आहे. वादळवाऱ्यात झाडे उन्मळून तारा तुटतात. २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजेचे कितीतरी खांब पाडले. म्हणून पंपाकडे वा घराकडे वीज जमिनीखालून नेणे सोयीचे वाटते. परंतु खांबावरील तार डोळ्यांस दिसते, पुरलेली केबल दिसत नाही. पावसापूर्वी काजूचे खड्डे खणताना जांभ्यात मारलेली पहार केबलमध्ये घुसली, तर खणणाऱ्याच्या जिवावर बेतते.

भारतीय मानक १२५५ प्रमाणे कमी दाबाची केबल ७५ सेंटिमीटर खोल असावयास हवी. कठीण कातळात चर खणणाराचा हात आखडतो आणि उतारावरील माती पावसाने वाहून जाते, हे ध्यानात घेता या आकड्यावर विसंबू नये.

प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे ते क्षेत्र सतत पालटते व शोधक यंत्राच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्‌दाब उत्पन्न होऊन यंत्र नाद करते. मात्र पंप बंद असता केबलमध्ये दाब असूनही प्रवाह नसतो. तसेच तीन फेजांचे प्रवाह समतोल असल्यास त्यांची क्षेत्रे एकमेकांस बहुतांशी मारून टाकतात. यंत्र मुके राहिले म्हणून जमीन निर्धोक समजणे ही घातक चूक होय.

निश्चित शोधासाठी प्रेषक लागतो. परवानाधारक तंत्रज्ञाने पुरवठा तोडून, केबल निर्जीव झाल्याची परीक्षा करून, मगच प्रेषकाचे एक टोक तिच्या तारेस व दुसरे जमिनीत ठोकलेल्या सळईस जोडावे. तारेचे पलीकडचे टोकही भूमीशी जोडावे लागते, कारण संकेतास परतीची वाट हवी. सळई केबलच्या रेषेशी काटकोनात, दूरवर ठोकावी. उन्हाळ्यात सुका जांभा प्रवाहास अडवितो; सळईच्या बुडाशी घागरभर पाणी ओतल्यास काम सुधारते.

एकाच चरात अनेक केबली असल्यास खरी कसोटी लागते. ३३,००० आवर्तनांचा संकेत शेजारच्या केबलवर सहज उडी घेतो. ५०० च्या सुमाराचा संकेत त्या मानाने आपली वाट सोडत नाही. वेटोळे आडवे व केबलच्या रेषेस काटकोनात धरले असता केबलच्या नेमके वर नाद सर्वांत मोठा होतो, उभे धरले असता तेथेच तो लोपतो. हे दोन बिंदू जुळले नाहीत तर शेजारच्या केबलने क्षेत्र बिघडविले आहे असे जाणावे. वेटोळे ४५ अंशांत कलते धरून रेषेपासून काटकोनात बाजूस सरकल्यास जेथे नाद लोपतो, तेथपर्यंतचे अंतर म्हणजे केबलची खोली. तीही अंदाजाचीच समजावी.

खूण केल्यावर पहार बाजूस ठेवून, लाकडी दांड्याच्या फावड्याने कडेकडेने माती काढावी. उघड्या पडलेल्या केबलींपैकी कोणती कापावयाची हे रंगावरून ठरवू नये. प्रत्येकीस पकड लावून संकेताचा प्रवाह मोजावा. जोडलेल्या केबलमध्ये तो सर्वाधिक असतो. एवढ्यानेही कापण्याची मुभा मिळत नाही. तंत्रज्ञ दूर उभे राहून चालविता येणाऱ्या खिळायंत्राने प्रथम केबल भेदतात.

अवजार केबलमध्ये अडकल्यास ते ओढू नये, अडकलेल्या माणसास हात लावू नये. स्वतःचा मुख्य स्विच असेल तर तो पाडावा, अन्यथा सर्वांस दूर ठेवून १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावे.