मोह पहाटे का गळतो आणि लेकरू सकाळी का उठत नाही

मोहाचं झाड आपली फुलं दिवसाढवळ्या गाळत नाही. फुलं रात्री उमलतात आणि त्यांच्या वासाने वटवाघळं येतात. एका फुलावरचा पराग दुसऱ्यावर गेला की झाडाचं काम होतं. मग पाकळ्यांचा तो गोड, मांसल पेला देठापासून सुटतो आणि पहाटेच्या सुमारास टपटप खाली पडू लागतो. मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या पोंभुर्णा तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावांत बायामाणसं त्या वेळी टोपली घेऊन घराबाहेर पडलेली असतात. ऊन चढलं की फुलं कोमेजतात, आणि उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वलं आधी पोचतात. झाडाला वेळ कोण सांगतं, हा प्रश्न एकदा मनात आला की माणूस त्यात गुंतून पडतो. मी तरी पडलो.

कारण याच महिन्यांत इथली शाळा सकाळची होते. एरवी जिल्हा परिषदेची शाळा दहा-साडेदहाला भरते. लेकरं आरामात उठतात, नळाला पाणी येतं, भाजी होते, सगळं जमून जातं. उन्हाळा लागला की घंटा सातवर येते. आई मोहाखाली, बाप कामाच्या धांदलीत, आणि चटईवर एक पोट्टा पालथा पडलेला. "उठ ना रे बापा, शाळेची येळ निघून जाईन!" ही हाक चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांत एकाच वेळी उठते. त्या हाकेला उत्तर येत नाही, यात लेकराचा आळस फार थोडा आहे. त्याच्या डोक्यात त्या वेळी जे चाललेलं असतं ते मोहाच्या झाडाइतकंच नवलाचं आहे.

१७२९ साली द मैराँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचं झाड अंधाऱ्या जागी ठेवलं. लाजाळू दिवसा पानं उघडते, रात्री मिटते. त्याला वाटलं, हे सगळं उजेडावर चालत असेल. पण मिट्ट अंधारातही पानं आपल्या वेळेला उघडत राहिली, आपल्या वेळेला मिटत राहिली. सूर्य दिसत नव्हता, तरी झाडाला दिवस कळत होता. घड्याळ झाडाच्या आतच होतं.

माणसातलं घड्याळ सापडायला पुढे दोन शतकांहून जास्त काळ गेला. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. दोन्ही मिळून सुमारे २०,००० पेशी. शरीराचं तापमान कधी चढायचं, भूक कधी लागायची, झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रक्तात कधी उतरायचं, याचा ताल ते धरतात. पेशीच्या आत हे चालतं कसं, याचा शोध फळमाशीवर लागला: एक प्रथिन रात्री साठत जातं, भरपूर झालं की स्वतःचंच उत्पादन थांबवतं, मग दिवसा विरतं, आणि पुन्हा साठू लागतं. साठण्या-विरण्याचा हा फेरा जवळजवळ एका दिवसात पुरा होतो. त्याबद्दल २०१७ साली हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना नोबेल मिळालं.

'जवळजवळ' हा शब्द इथे महत्त्वाचा. माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तास आणि दहा-अकरा मिनिटांचा असतो. म्हणजे त्याला मोकळं सोडलं तर ते रोज थोडं मागे पडत जाईल, झोप रोज थोडी उशिरा येईल. त्याला रोज सकाळी मिळवावं लागतं, आणि ते काम सकाळचा उजेड करतो. त्यासाठी डोळ्यांत वेगळ्या पेशी आहेत. त्या चित्र पाहत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते मोजून वर कळवतात. २००२ पर्यंत हे कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. इतकी शतकं डोळ्याचा अभ्यास झाला आणि डोळ्यातलं हे खातं नजरेतून सुटलं होतं.

आता शाळेच्या वेळेचं सरकारी प्रकरण. ५ डिसेंबर २०२३ रोजी तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी राजभवनातल्या एका कार्यक्रमात मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलायचा विचार व्हावा, असं सुचवलं. ८ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुंबई-पुण्यातल्या दोन पाळ्यांच्या शाळांत यावर बरीच खळबळ झाली. इथल्या जिल्हा परिषद शाळांना एरवीसाठी त्याचं काहीच नव्हतं. त्या आधीपासूनच उशिरा भरतात. मग मार्च २०२५ च्या अखेरीस उन्हाळ्यासाठी राज्यभर एकच वेळापत्रक आलं: प्राथमिक शाळा ७ ते सव्वाअकरा, माध्यमिक ७ ते पावणेबारा. एक आदेश म्हणतो नऊच्या आत नको, दुसरा म्हणतो सातला या. हसू येतं खरं, पण दोन्ही आदेश लेकराच्या भल्याचेच आहेत. पहिला झोप वाचवतो, दुसरा उष्माघात टाळतो. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना सहज टेकतो, तिथे दुपारी दोनला लेकरू रस्त्याने घरी पाठवणं शहाणपणाचं नाही. सातची शाळा इथे हवीच. अडचण अशी की घंटा एका रात्रीत तीन तास अलीकडे आणता येते, शरीराचं घड्याळ नाही. ते दिवसाला फार तर एखादा तास सरकतं, तेही मदत मिळाली तर.

आणि उन्हाळ्याची रात्र नेमकी मदत करत नाही. झोप लागण्याआधी शरीराच्या आतलं तापमान एखाद्या अंशाने उतरावं लागतं. शरीर ते कसं करतं? हातापायांच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतं आणि आतली ऊब तळव्यांतून बाहेर सोडतं. १९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की झोप किती लवकर लागेल हे ओळखायची सगळ्यांत चांगली खूण म्हणजे ऊबदार पाय. पाय ऊबदार होणं म्हणजे आतली उष्णता बाहेर निघायला लागणं. पण बाहेरची हवाच तापलेली असेल तर ही उष्णता जाणार कुठे? कवेलूचं घर दिवस बुडाल्यावर त्यातल्या त्यात लवकर निवतं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर प्यालेलं ऊन मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो. घरकुल पक्कं झालं याचा आनंद आहेच, पण त्याबरोबर झोपेची वेळ पुढे गेली, हा हिशेब कुणी मांडला नाही.

म्हणून एप्रिलमधली शांत सकाळ आदल्या संध्याकाळी सुरू होते. खेळून आलेल्या लेकराला झोपायच्या तासभर आधी आंघोळ घालायची, निदान हातपाय धुवायचे. अंगावरचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. बाज अंगणात नाही तर ओसरीवर टाकायची, वर मच्छरदाणी. आपले आजी-आबाजी हे करतच होते. कातडीखालच्या रक्तवाहिन्यांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

त्यात मोबाइल आला. लहान मुलांच्या डोळ्यांत उजेड मोठ्यांपेक्षा जास्त शिरतो. त्यांची बाहुली मोठी असते, भिंग नितळ असतं. अमेरिकेतल्या कोलोराडोत बालवाडीच्या वयाच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर दिव्याजवळ खेळवलं, तर त्यांचं मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी घटलं, आणि दिवा मालवल्यावरही बराच वेळ वर आलं नाही. घरातला मोबाइल तेवढा प्रखर नसतो. पण त्यातली गंमत संपत नाही, हा त्याचा दुसरा गुण उजेडाहून वाईट.

आता पालथ्या पडलेल्या पोट्ट्याकडे येऊ. आपल्याला वाटतं, डोळे उघडले म्हणजे माणूस जागा झाला. तसं नसतं. २००२ साली शास्त्रज्ञांनी झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. मेंदूचा देठ आणि आतला भाग लगेच जागा झाला होता. कपाळामागचा भाग, म्हणजे नियोजन करणारा, सांगितलेलं लक्षात ठेवणारा, राग आवरणारा, मात्र पुढची पंधराएक मिनिटं घेत होता. सकाळी आपण लेकराला काय सांगतो? "दात घास, दप्तर भर, चप्पल शोध, बाटली घे, आणि बहिणीला उठव." पाच हुकूम, आणि ते ऐकणारा कारकून अजून कचेरीत पोचायचाच आहे. लेकरू मोरीपाशी ब्रश धरून भिंतीकडे बघत उभं राहतं ते यामुळे. त्याला ओरडून काही होत नाही. झालंच तर रडणं होतं, कारण रडू आवरणारा भागही तोच.

दार उघडून लेकराला अंगणात आणून बसवायचं आणि पहिली पंधरा मिनिटं काही सांगायचं नाही, हा यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय. घरातल्या ट्यूबलाइटखाली शे-दोनशे लक्स उजेड असतो. अंगणात, सूर्य वर येऊन अर्धा-पाऊण तास झाला की, तोच काही हजार लक्स होतो. घड्याळ मिळवणाऱ्या त्या पेशींना हाच हवा असतो. आणि आज सकाळी मिळालेला उजेड आज रात्रीची झोपही थोडी अलीकडे आणतो. चार-पाच दिवसांत फरक पडतो, मात्र रविवारी नऊपर्यंत लोळू दिलं की निम्मी कमाई जाते. दप्तर, गणवेश, चपला रात्रीच एका जागी ठेवाव्यात. डब्याचं तसं करता येत नाही. इथल्या उन्हाळ्यात रात्रीची भाजी सकाळपर्यंत आंबते. पोटात मात्र काहीतरी जायला हवं, शाळेतली खिचडी मिळेपर्यंत बराच वेळ असतो.

हे सगळं करायला घरात जागं माणूस कोण, हा खरा प्रश्न. आई मोहाखाली आहे. तिने तरी अंधारात जाऊ नये, उजाडल्यावर आणि मिळून जावं, असं वन विभाग दर हंगामात बजावतो. त्याला कारण आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही भागात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. इथे सकाळची घाई म्हणजे नुसता उशिराचा शेरा नसतो.

अशा घरात उपयोगी पडतात ते आबाजी. वय वाढलं की माणूस लवकर झोपतो, लवकर उठतो. पंधरा-सोळाच्या वयात उलट, मेलाटोनिनच उशिरा उतरतं, म्हणून दहावीचा मुलगा रात्री अकराला टक्क जागा आणि सकाळी दगड. एकाच घरात अशी तीन-चार वेगवेगळी घड्याळं निसर्गाने कशाला ठेवली असतील? टांझानियात हाड्झा नावाचे लोक अजून शिकार आणि कंदमुळांवर जगतात. २०१७ साली छापलेल्या अभ्यासात त्यांच्यातल्या ३३ प्रौढांच्या हातांवर मोजयंत्रं बांधून २० दिवस त्यांची झोप नोंदली होती. या सगळ्या काळात सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत, असा वेळ एकूण भरला फक्त १८ मिनिटं. बाकी रात्रभर कुणी ना कुणी जागं किंवा सावध होतं. संशोधकांचा तर्क असा की म्हाताऱ्यांची पहाटेची जाग आणि तरुणांची रात्रीची जाग मिळून टोळीचा पहारा होतो. सिंहांच्या मुलुखात हे कामाचं होतं. वाघांच्या मुलुखात राहणाऱ्यांना ते वेगळं समजवायला नको. ज्या आबाजींना चारलाच जाग येते आणि "आता काय करू" म्हणून खोकत बसावं लागतं, त्यांच्याकडे लेकराला अंगणात आणायचं काम द्यावं. ते आधीच कामावर हजर आहेत.

दहावीच्या दगडाचं काय, याला घरात फारसा उपाय नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदाच केला आणि २०२२ पासून तिथल्या बहुतेक हायस्कुलांना साडेआठच्या आधी भरायला बंदी झाली. त्याआधी सिएटलमध्ये हायस्कूलची वेळ सुमारे तासभर पुढे नेली, तेव्हा मुलांची झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली. मिळालेला वेळ सगळाच मोबाइलवर गेला नाही. चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये ही सोय नाही. पण ऊन नसलेल्या महिन्यांत, दूरच्या गावांतून मुलींना आणणाऱ्या एसटीच्या फेऱ्या आणि शिकवणीचे तास आखताना हे लक्षात घ्यायला कुणाची हरकत नसावी. पहिल्या तासाला गणित ठेवू नये, एवढं तर मुख्याध्यापकांच्या हातातलं आहे.

एक गोष्ट मात्र पोंभुर्ण्याच्या बाजूची आहे, आणि ती मला नकाशा बघताना सापडली. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. पोंभुर्णा जवळपास ७९.६ अंशांवर, मुंबई ७२.९ वर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे घड्याळात दोन्हीकडे सात वाजले तरी सूर्य पोंभुर्ण्यावर सुमारे २७ मिनिटं आधी आलेला असतो. एप्रिलच्या सुरुवातीला इथे सहा-पाचला उगवतो. सातच्या घंटेला लेकराने तासभर उजेड पाहिलेला असू शकतो, पालघरच्या लेकराने फार तर अर्धा तास. संध्याकाळीही इथे तेवढ्याच मिनिटांनी आधी दिवस बुडतो, आणि संशोधक मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात. म्हणजे राज्यभर एकच सातची वेळ लावली की तिचा भार सगळ्यात जास्त किनारपट्टीवर पडतो आणि सगळ्यात कमी राज्याच्या पूर्व टोकावर. पुढच्या वेळी वेळापत्रक निघेल तेव्हा सूर्योदयाचा तक्ता शेजारी ठेवून जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा विचार करता येईल; पंचांगात तो छापलेला असतोच.