‘पावरी’ : एक रूप, दोन नामे

नंदुरबार जिल्ह्यात शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकास ‘पावरी’ हा शब्द दोन अर्थांनी भेटतो. सातपुड्याच्या धडगाव परिसरात पावरी ही पावरा समाजाची बोली होय. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ मधील भिल्ली बोलींच्या खंडात तिची नोंद आहे. नवापूरकडील कोकणा समाजात मात्र पावरी म्हणजे वाळलेला भोपळा व बांबूच्या नळ्या यांपासून केलेले सुषिर वाद्य. दोन्ही नामे ईकारान्त व स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘त्याला पावरी येते’ या वाक्यात तो बोलणारा की वाजविणारा, हे कळत नाही.

हा भेद प्रथम वचनाने स्पष्ट होतो. बोलीच्या नामाचे अनेकवचन सहसा होत नाही. वाद्याचे ‘पावऱ्या’ असे होते. ‘दोन पावऱ्या आणल्या’ येथे संशयास जागा नाही. परंतु सामान्यरूपात नवी अडचण उद्भवते. ‘पावरा’ या पुल्लिंगी नामाचे एकवचनी सामान्यरूप ‘पावऱ्या-’, तर वाद्यनामाचे ‘पावरी-’ असे राहते. म्हणून ‘पावऱ्याने’ व ‘पावरीने’ ही रूपे वेगळी दिसतात. अनेकवचनात दोहोंचेही सामान्यरूप ‘पावऱ्यां-’ असेच होते. ‘पावऱ्यांचा आवाज’ हा माणसांचा की वाद्यांचा, याचा निर्णय व्याकरण देऊ शकत नाही.

लिंग दर्शविण्याच्या रीती भाषेगणिक भिन्न असतात. आयरिश भाषेत हार्प या तंतुवाद्याचे ‘क्लार्शख’ हे नाम स्त्रीलिंगी आहे. प्रथमेत निश्चयवाचक उपपद लागताच त्याचा आद्य ‘क’ घर्षक ‘ख’सारखा उच्चारला जातो, आणि षष्ठीत ‘क्लार्शी’ असे रूप होते. तेथे लिंगाची खूण शब्दारंभी उमटते. मराठीत ती विशेषणात व क्रियापदात शोधावी लागते. ‘पावरी’च्या बाबतीत मात्र दोन्ही नामे एकाच लिंगाची असल्याने तीही उपयोगी पडत नाही.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. ध्वनिमुद्रणावर ‘पावऱ्यांचे संगीत’ एवढेच लिहिले, तर कोकणा वादकाची कला पावरा समाजाच्या नावावर जमा होण्याचा संभव आहे. म्हणून नोंद करताना ‘पावरी बोली’ अथवा ‘पावरी वाद्य’ असे स्पष्ट लिहावे आणि त्यापुढे गाव व समाज यांचा निर्देश करावा. जेथे प्रत्यय मुके होतात, तेथे अभ्यासकाने बोलले पाहिजे.