कॅबिनेटही घरचंच

१९७६ साली विक्रीला आलेल्या ‘ॲपल-१’ संगणकाची किंमत होती ६६६.६६ डॉलर. एवढे मोजल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती पडायचा तो जोडून तयार केलेला सर्किट बोर्ड. कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर, पडदा आणि पेटी ज्याची त्यानं बघायची. काहींनी ती लाकडाची केली. तशा पेटीतला एक ‘ॲपल-१’ अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तयार कॅबिनेट हवी तेवढी मिळतात. तरीही पहिलावहिला पीसी असेंबल करताना कॅबिनेटही आपल्याच हातचं असावं, ही हौस पुरी होण्याजोगी आहे. कारण मापं ठरलेली आहेत. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक आणलं आणि मदरबोर्डचा आकार (३०५ बाय २४४ मिलिमीटर), स्क्रूच्या भोकांच्या जागा, मागच्या पोर्टांची खिडकी हे सगळं नेमून दिलं. पेटी छोटी हवी असेल, तर १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड घ्यावा.

प्लायवूडला करवत लावण्याआधी सुटे भाग घरात आलेले बरे. ग्राफिक्स कार्ड ३०० मिलिमीटरहून लांब असू शकतं, काही कूलर १६० मिलिमीटरपर्यंत उंच भरतात, शिवाय केबलना वळायला जागा लागते.

पेटीत बसवण्यापूर्वी यंत्र बाहेरच चालवून पाहावं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. त्यावर प्रोसेसर, कूलर, रॅम बसवायची. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची २४ पिनांची केबल आणि प्रोसेसरसाठीची वेगळी केबल, दोन्ही नीट खोचायच्या आणि पडदा जोडायचा. बटण अजून लागलेलंच नसतं. पॉवर स्विचसाठीच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदम टेकवून लगेच उचललं, की कूलरचा पंखा गरगरू लागतो. पडद्यावर बायोस दिसलं, की भाग सुस्थितीत आहेत याची खात्री पटते. नाहीच दिसलं, तर एकेक भाग तपासायला सगळं समोर मोकळं असतं.

मग सुतारकाम. ते पूर्ण उरकून, भुसा झाडून झाल्यावरच भाग आत जावेत. बोर्डाच्या पाठीवरचे सोल्डरचे टाके धातूच्या पत्र्याला टेकले तर शॉर्ट होतो, म्हणून मध्ये पितळी स्टँडऑफ हवेतच. लाकडातून वीज वाहत नाही; त्यामुळे बोर्डाखाली पत्रा असेल तर तो एसएमपीएसच्या धातूच्या अंगाशी जोडावा आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग असल्याची खात्री करावी.

घरगुती पेटी बहुधा हवेच्या बाबतीत कमी पडते. पुढून खालच्या बाजूला हवा आत घेणारा एक १२० मिलिमीटरचा पंखा, मागे वर ती बाहेर फेकणारा दुसरा, आत येणाऱ्या वाटेवर काढून धुता येईल अशी जाळी. एसएमपीएसच्या पंख्याला वेगळी खिडकी लागते. जड गेम तासभर चालवून तापमान पाहावं. ते फार चढलं, तर फळीला आणखी भोकं पाडायला वाव असतोच.

एवढं नीट जमलं, तर पुढं मदरबोर्ड बदलला तरी मानक तेच असल्यानं भोकं त्याच जागी येतात, आणि पेटी कायम राहते.