खरवडलेला नंबर
आईच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक सूरपेटीतला मधला सा वाजायचा, खर्जातला गेला होता. पेटी उघडली तर एका आयसीच्या पाठीवरचा नंबर मुद्दाम खरवडलेला. कुणी नक्कल करू नये म्हणून बनवणाऱ्यानेच केलेला उद्योग. तो ओरखडा मनाला लागला, आणि पेटी घेऊन मी पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले.

काकांनी बोर्ड तोंडाजवळ धरला आणि चष्म्याची काच पुसण्याआधी सोडतात तशी तोंडाची वाफ आयसीवर सोडली. लगेच टॉर्चचा उजेड आडवा टाकला. ओलसर काळ्या पाठीवर एक 9 उमटला आणि विरला. त्यांनी पुन्हा वाफ सोडली. पुन्हा फक्त 9. खालच्या ओळीत मात्र 8235 शाबूत होतं.

"तो नंबर नाही ताई, तारीख आहे. 1982 चा पस्तिसावा आठवडा."

नवी पोरं इथेच फसतात. 7432 हा आयसीचा नंबरही असतो आणि 1974 चा बत्तिसावा आठवडाही.

मग काकांनी बोर्ड उलटा केला. "सात अर्थ, चौदा सप्लाय," ते पुटपुटले. चौदा पायांच्या बहुतेक लॉजिक आयसींची हीच रीत. खाचेपासून पाय मोजले, मीटर लावला. अर्थची जाड पट्टी सातव्या पायाकडे गेलीच नव्हती, दहाव्याकडे गेली होती. पाच व्होल्ट पाचव्या पायावर. "सात-चौदा नाही, पाच-दहा! म्हणजे बहुधा काउंटर, ठोके मोजणारा."

वर 9 दिसलेला. मग 7490 की 7493? पहिला ठोक्यांना दहाने भागतो, दुसरा सोळाने, आणि दोघांचे पाय जवळपास सारखे. उत्तर सहाव्या-सातव्या पायांत होतं. 7490 चे हे दोन पाय मोकळे सोडले तर तो नऊवरच अडून बसतो. 7493 मध्ये ते आत कशालाच जोडलेले नसतात. इथे दोन्ही पायांना पट्टीच नव्हती. 7493.

सोळा ऐकलं आणि मला एकदम उमगलं. कंपनसंख्या निम्मी झाली की सूर एक सप्तक खाली येतो. हा आयसी तेच चार वेळा करतो: निम्मा, पाव, अष्टमांश, सोळांश. अष्टमांशाच्या आठव्या पायावर ठोके येत होते, सोळांशाच्या अकराव्यावर काहीच नव्हतं. चौथी पायरी तुटली होती, म्हणून आईचा खर्ज बंद.

जुना आयसी काढून बेस बसवला, त्यात नवा खोचला. राळेचा धूर विरायच्या आत खर्ज लागला.

नंबर खरवडण्याला मी हुशारी म्हणणार नाही. ज्याने पैसे मोजून वस्तू घेतली, त्याच्यावरचा तो अविश्वास आहे, आणि दुरुस्त होणारं यंत्र त्यापायी भंगारात जातं. याउलट कितीतरी जुन्या रेडिओंच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. काकांनीही निघताना एका चिठ्ठीवर 7493 लिहून ती पेटीच्या झाकणात डकवली.

तुमच्या घरातल्या एखाद्या यंत्रात असा कागद असेल, तर पिवळा पडला म्हणून तो फाडून टाकू नका.