‘शेतकऱ्या’तला ‘ऱ’ आणि युनिकोडचा शब्द

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कोणतेही मराठी प्रकाशन उघडा, ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द पानोपानी भेटेल. त्यातला ‘ऱ्या’ कागदावर एकसारखाच दिसतो. संगणकाच्या पोटात मात्र तो दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो आणि दोन्ही तऱ्हा अधिकृत आहेत. यादी एका तऱ्हेने टंकलेली आणि शोध दुसऱ्या तऱ्हेने घेतलेला असेल, तर अक्षराला अक्षर ताडून पाहणारा प्रोग्रॅम डोळ्यांसमोरचा शब्दही ‘सापडत नाही’ म्हणतो.

हा र मराठीला हवाच. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे ही दोन वेगळी आमंत्रणे आहेत. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना संगणकासाठी ठरावीक संकेत देणारे मानक म्हणजे युनिकोड. त्याच्या १९९६ च्या २.० आवृत्तीत या र साठी नियम होता: र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. पुढे भारताच्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीशी जुळणारी रीत आली: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. ही रीत अधिक सरळ होती. पण जुन्या नियमाने लिहिलेला मजकूर वाऱ्यावर कसा सोडायचा? म्हणून २.० शी सुसंगती राहावी यासाठी तो नियमही कायम ठेवला गेला.

एवढा हट्ट का, याचे उत्तर कोरियन लिपीत आहे. त्याच २.० आवृत्तीत कोरियन अक्षरे जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी नेली गेली आणि आधीच्या संकेतांनी साठवलेला मजकूर निरर्थक ठरला. तेव्हापासून युनिकोडने शब्द दिला: एकदा दिलेली जागा हलणार नाही, चिन्ह काढले जाणार नाही, नावही बदलणार नाही. एका कंसाच्या अधिकृत इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’चे स्पेलिंग चुकले आहे, तेही तसेच ठेवले आहे.

हा शब्द पाळला जातो, याचे मोल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली जुनी फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. छापखान्यांतला आणि कार्यालयांतला कितीतरी मजकूर असा मुका होऊन पडला आहे.

मग बदल करायचाच नाही का? पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आणताना मागची सुसंगती जाणूनबुजून तोडली. मजकूर म्हणजे युनिकोड, हा त्यातला मोठा बदल. जुने प्रोग्रॅम अडले. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, तो २०२० पर्यंत लांबवावा लागला. तरी तो निर्णय योग्यच होता, असे मी ठामपणे म्हणेन. देवनागरीसारख्या लिपीत काम करणाऱ्यांची त्याने मोठी सोय झाली. प्रोग्रॅम दुरुस्त करायला कोणीतरी असते. वीस वर्षांपूर्वीचे पेरणीचे पत्रक पुन्हा टंकायला कोणी बसत नाही. म्हणून प्रोग्रॅम मोडला तर चालेल, मजकूर मोडता कामा नये.

‘ॲ’चेही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी अ वर वेगळा चंद्र देऊन भागवले जाई आणि आजही अनेकजण तसेच टंकतात. दिसायला दोन्ही ‘ॲप’ सारखेच.

दोन तऱ्हा राहिल्या याचा भार मात्र टंकणाऱ्यावर पडू नये. नोंद साठवताना आणि शोध घेताना जुन्या ‘र्‍’च्या जागी नवा ‘ऱ्’ आणि जुन्या जोडणीच्या जागी ‘ॲ’ ठेवणे हे प्रोग्रॅममधल्या दोन ओळींचे काम आहे. केवळ र सारखा दिसतो म्हणून सगळेच एक मानले, तर आचार्य आणि आचारी एकाच यादीत येतील. हे रूपांतर तो घोळ होऊ देत नाही. शेतकऱ्यांच्या याद्या, अनुदानाचे अर्ज आणि बियाण्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रत्येक प्रणालीत या दोन ओळी घाला, आणि जुन्या फॉन्टमधली पत्रके वाचता येताहेत तोवर युनिकोडमध्ये आणून ठेवा.